कुलपाची हमी

पासवर्ड टाकायची वेळ आली की टायपिंगवाले काका खांद्यावरचा दुपट्टा काढून हातांवर आणि कीबोर्डवर पसरायचे आणि घरात जो कोणी असेल त्याला भिंतीकडे तोंड करायला लावायचे. त्यातून काकूही सुटत नसत. इतक्या वर्षांच्या संसाराची ती बाई कणकेचे हात तसेच धरून कॅलेंडरकडे बघत उभी राहायची आणि विचारायची, "झालं काय जी? तवा जळून राह्यला."

अकोल्याला जठारपेठेत मी तीन वर्षं त्यांच्याकडे एका खोलीत भाड्याने राहिले. काकू आमच्या अकोटकडच्या गावच्या, म्हणून ती खोली मिळाली. बाबा दुसऱ्यांच्या वावरात राबणारे, आई चौथी शिकलेली. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली. हे मी तेव्हाही मिरवायचे, आजही मिरवते. काका घरच्याच कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं घेत. लग्नपत्रिका, कोर्टाचे अर्ज आणि शाळा-कॉलेजांचे परीक्षेचे पेपर. त्यात माझ्या कॉलेजचे पेपरही होते, आणि माझ्या कॉलेजात पेपर काढणं आणि तपासणं दोन्ही कॉलेजच करायचं. सगळी गोम तिथंच होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नावाचं वेगळं लॉगिन करून दिलं. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन नावं यायची, एक 'काम' आणि दुसरं 'अर्चना'. "तुह्या घरात मी येनार नाई, माह्या घरात तू डोकावू नको," एवढंच म्हणाले. मी जरा दुखावले आहे हे त्यांना दिसलं असावं, कारण मग त्यांनी ते वाक्य ऐकवलं, जे मी पुढं शंभरदा ऐकलं. "माणूस चोर नसते पोरी, मोका चोर असते."

मोक्याशी त्यांचं कायमचं वैर होतं. दर अमावस्येला दारावरचं लिंबू-मिरची बदलायचे आणि त्याच हाताने पासवर्ड बदलायचे. बिघडलेली छपाई रद्दीत जात नसे, न्हाणीतल्या बंबात जायची. कितीतरी सकाळी मी चुकलेल्या प्रश्नपत्रिकांवर तापलेल्या पाण्याने आंघोळ केली आहे. आमच्या कॉलेजचं काम निघालं की मला गच्चीवर पाठवायचे, मग एप्रिलचं ऊन का असेना. काकू टाकीच्या सावलीत सतरंजी टाकून द्यायची.

मलाही त्यांचा भरवसा नव्हता. हा माणूस माझं लॉगिन नक्की उघडून पाहत असणार, असं मी धरूनच चालले होते. मी एक सापळा लावला. माझ्या लॉगिनमध्ये एका फाइलीत लिहून ठेवलं की काकूच्या भाजीत मीठ नसतं. महिनाभर ताटावर लक्ष ठेवलं. भाजी अळणी ती अळणीच राहिली. तरी माझ्या मनातून संशय काही गेला नाही. ते फाइल वाचतात आणि भाजीचं घरात बोलत नाहीत, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या वर्षी मैत्रिणीचा पेनड्राइव्ह नोट्ससाठी आणला होता. काकांनी तो पाहिला आणि काकूसमोर मला बॅग उपडी करायला लावली. बॅगेत वह्या, कंगवा आणि आईने दिलेली बाजरीची खारोडी निघाली. मी रात्रभर रडले नाही, पण दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वसतिगृहासाठी अर्ज केला आणि कारणाच्या रकान्यात मनातलं सगळं लिहिलं. जागा नव्हती. अर्ज फाइलीत गेला, मी त्याच खोलीत राहिले.

शेवटच्या वर्षी मी इतिहासात पहिली आले. बाबा पेढे घेऊन एसटीने आले, आणि त्याच दिवशी कॉलेजने माझा निकाल राखून ठेवला. निनावी तक्रार आली होती. पेपर टाइप करणाऱ्याच्या घरात राहणारी पोरगी पहिली येते कशी? बाबांनी मला एकच विचारलं, तू असं काही केलं का? मी नाही म्हटलं. ते पेढ्यांचा डबा तसाच घेऊन परत गेले. मला वाटलं, आता माझी पदवीही जाते आणि बापाचा गावातला मानही.

चौकशीला काका ऑटोने आले. कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधून मांडीवर घेतला होता. मी मनात म्हटलं, हा माणूस आपला धंदा वाचवायला माझं नाव पुढं करणार. समितीच्या मॅडमनी विचारलं, या मुलीची खात्री देता का?

काका म्हणाले, "पोरीची हमी मी देत नाई मॅडम. कुलपाची देतो."

मग त्यांनी समितीलाही भिंतीकडे वळवलं आणि दुपट्ट्याखाली पासवर्ड टाकला. कॉम्प्युटर विभागाच्या सरांनी दोन्ही लॉगिनं तपासली. माझ्या लॉगिनमधून कामाच्या फाइलीचं नावसुद्धा दिसत नव्हतं. पण मॅडम थांबल्या नाहीत. कुलूप ठीक आहे, पण तुम्हीच तिला पेपर दाखवला नाही कशावरून? याला काकांचं कुलूप पुरेसं नव्हतं. मालकानेच दार उघडलं, तर कुलूप काय करणार?

तेव्हा मला तो अर्ज आठवला. त्यांच्यासमोर तो वाचला जाणार याची लाज वाटत होती, पण मी सांगितलं. ऑफिसच्या बाबूंनी अर्ध्या तासाने वसतिगृहाची जुनी फाइल आणली. मॅडमनी मोठ्याने वाचलं. घरमालक माझ्याकडे चोर म्हणून पाहतात. पेपरच्या दिवशी मला उन्हात बसवतात. माझी बॅग तपासतात. अशा माणसाच्या घरात मला राहायचं नाही. खाली दीड वर्षापूर्वीची तारीख आणि कॉलेजचा शिक्का होता.

काकांनी मान हलवली. "खरं लिहिलं तिनं," म्हणाले.

आठ दिवसांनी निकाल सुटला. चौकशीहून परतताना ऑटोत मी विचारलं होतं, काका, तुम्हाला खरंच माझा संशय होता?

"होता ना. अजूनई हाये. पेपर फोडाले अक्कल लागते, ते तुह्यात हाये. ज्याले अक्कलच नाई, त्याच्यावर कोन टाइम घालवते?"

तेवढं कौतुक माझं नंतर कोणी केलं नाही.

काका जाऊन तीन वर्षं झाली. मी आता अमरावतीच्या एका कॉलेजात परीक्षा विभाग सांभाळते. हाताखाली नवीन लागलेली वैष्णवी हुशार आहे, आणि तिची भाची याच कॉलेजात शिकते. मी तिला पेपरच्या कपाटाजवळ फिरकू देत नाही, माझ्या कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. परवा तिने लाल डोळ्यांनी माझ्या टेबलावर माझ्याविरुद्धच लेखी तक्रार आणून ठेवली, की मॅडम विनाकारण संशय घेतात.

मी ती पूर्ण वाचली. तारीख घालायची राहिली होती, ती घालून घेतली. आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि एक प्रत तिच्या हातात दिली. म्हटलं, ही जपून ठेव.

ती माझ्याकडे संशयानेच पाहत गेली.