हलत नसेल तर

आणीबाणी उठली त्या सुमाराला द्वारका नाक्यावर ट्रकच्या स्प्रिंगचे पोलादी कमानपाटे घणाने ठोकणारा एक मिस्त्री होता. डोळ्यात कचरा गेला की ड्रायव्हर लोक त्याच्याकडेच येत. "वर बघ," एवढंच म्हणून तो उपरण्याच्या ओल्या टोकाने कण टिपून घ्यायचा. एरवी कुणाशीही बोलताना मात्र कोंबडीसारखी अख्खी मान वळवायचा. मला त्याचं फार नवल वाटायचं.

एकदा घणाखालून उडालेली पोलादाची कपची शेजारी उभ्या ड्रायव्हरच्या बुबुळात रुतली.

"मिस्त्री, काढा ना!" तो कळवळला.

मिस्त्रीने पापणी उचलून पाहिलं आणि हात मागे घेतला. "ही हलत नाय. हिला मी हात लावणार नाय. तू बी चोळू नको."

कान तुटलेला चहाचा कप त्याने त्या डोळ्यावर अलगद पालथा घातला, वरून उपरणं सैलसर बांधलं आणि ड्रायव्हरला रिक्षात घालून थेट सरकारी दवाखान्यात धाडलं.

मी म्हणालो, "एवढीशी तर होती. तुम्ही सहज काढली असती."

त्याने अख्खी मान माझ्याकडे वळवली.

"माझी बी बापानं अशीच काढली व्हती. लय मायेनं."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, त्याचा डावा डोळा माझ्याकडे बघतच नव्हता.