स्पेनवालीचा पंखा

मामा गेल्याची बातमी मला कॉलेजात, इतिहासाच्या तासाला कळली. त्याला आता दीड महिना झाला. असं लिहायची मला सवय नाही; आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली... चुकलं तर समजून घ्या. पण गोडगोड लिहिणं मला जमणार नाही.

मामा मिलमध्ये सुतार होता. अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या मिलच्या झांकीतले, म्हणजे चित्ररथावरचे, हलणारे पुतळे तोच करायचा. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मिल बंद झाली. "एकही मशीन गेटबाहेर जाणार नाही," म्हणणाऱ्या आमच्या युनियनच्या नेत्यानेच मिल बंद करायच्या कागदावर सही केली. सही त्याची, पण युनियनचा प्रत्येक निर्णय त्याच्या बायकोच्या शब्दावर, तिच्या ओट्यावर व्हायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशी मामा तिच्याकडे गेला होता. "वहिनीजी, भियाला थांबवा, सही करू देऊ नका." हातपंख्याने वारा घेत ती म्हणाली, "मला काय कळतं, दादा? मी तर घरातली बाई."

त्या दिवसांत मी परीक्षेचं मोठ्याने वाचायचे. स्पेनची एक राणी होती, इटलीहून लग्न होऊन आलेली. राजा उदासीने अंथरूण धरून पडायचा. मंत्री कागद घेऊन आले की पलंगाशेजारी तीच बसलेली. आपल्या मुलांना इटलीत गाद्या मिळाव्यात म्हणून तिने अख्ख्या स्पेनला लढायला लावलं. मामाने रंधा खाली ठेवला. "परत वाच."

त्या वर्षी बेकार कामगारांनी वर्गणी काढून झांकी केली, आणि मामाने तिच्यात हीच राणी बसवली. सियागंजच्या बाजारातून बेअरिंग आणून असं जोडलं की हँडल फिरवल्यावर राणीचा पंखा हलायचा आणि पलंगावरचा राजा सही करायचा. "भिया, गणपतीत ही स्पेनवाली कशाला? लोग क्या समझेंगे?" कमिटीवाले मामाला म्हणाले. "जिसको समझना है, वो समझ लेगी." बाकी कुणाशी त्याला घेणंदेणं नव्हतं. नेत्याच्या बायकोने पाहावं, आणि तोंड लपवावं... एवढंच.

मिरवणुकीच्या रात्री ती स्वागताच्या मंचावर होती. मामाने स्वतः हँडल फिरवलं. गर्दीतून कुणी ओरडलं, "अरे, ही तर वहिनी!" लोक हसले. तीही हसली. खाली उतरून तिने राणीच्या गळ्यात हार घातला. "फार सुंदर बनवलंय, दादा." मामाची मान खाली गेली. पुढे त्याने एकही झांकी केली नाही. राजा-राणी घरी आणून कोपऱ्यात ठेवले.

मामाच्या तेराव्याला ती आली. पदराने डोळे टिपत म्हणाली, "फार गुणी माणूस. पण आपल्या हातात काय असतं, बेटा? मी तर घरातली बाई." मी तिला त्या कोपऱ्याजवळची खुर्ची दिली होती, मुद्दाम. मी उठले आणि हँडल फिरवलं. पंखा हलला, राजाने सही केली. परत फिरवलं. परत सही. या वेळी कुणी हसलं नाही, तीही नाही. चहा तसाच ठेवून ती गेली.

क्षमा मोठी असते म्हणतात. असेल... या दोन-तीन वर्षांत ते हँडल एकदाही किरकिरलं नाही, कारण मामा दर शनिवारी त्याला तेल घालायचा. आता मी घालते. खुर्चीही तिथेच ठेवली आहे.