उजवीकडचं शून्य

कँटीनमध्ये जेवण झालं की तो टेबलावर साखरेच्या पुड्या मांडायला घ्यायचा. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. गोलमध्ये केचपची पुडी.

"ही आपली टीम," तो म्हणायचा. "आणि हा गोलकीपर. माणूस चांगला आहे भावा, पण दार उघडंच ठेवतो."

आमचा अमेरिकन मॅनेजर विचारायचा, कुठली टीम? मग हा जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावाचं नाव घ्यायचा. मॅनेजर मान डोलवायचा. असं गाव खरोखर आहे यावर त्याचा विश्वास नसावा. सुरुवातीला माझाही नव्हता.

परदेशात राहणारे आपले क्रिकेटवेडे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. पण जपानच्या सेकंड डिव्हिजनमधल्या फुटबॉल क्लबासाठी जीव टाकणारा कोल्हापूरचा माणूस मी हा एकच पाहिला. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आम्ही एकाच ऑफिसात होतो आणि एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. शनिवारी सकाळी तो आमच्याकडे पोह्यांना यायचा. तिकडे मॅच संध्याकाळी असली, की इकडे आमची पहाट असे. क्लबाच्या वेबसाइटवर आकडे बदलतात का ते बघत तो एकटा बसून राहायचा आणि मॅच संपली की आमची बेल वाजवायचा. माझी सात वर्षांची सई दार उघडून विचारायची, "डिड यू विन, काका?" तो म्हणायचा, "नॉट टुडे." बहुतेक वेळा हेच उत्तर असायचं.

हे वेड कुठून आलं ते त्यानं एकदा पोहे खाता खाताच सांगितलं. तरुणपणी तो कोल्हापुरात पेठेच्या टीममधून लेफ्ट बॅक खेळला होता. नोकरीसाठी जपानला गेला, तिथे लग्न केलं, त्या बंदराच्या गावात आठ वर्षं राहिला. एक मुलगी झाली. मग संसार मोडला.

"तिकडच्या कायद्यात पोर एकाकडेच राहते," तो म्हणाला. "दुसऱ्यानं भेटायचं की नाही, ते पहिल्यानं ठरवायचं. त्याच गावात राहून तिला भेटायचं नाही, हे मला जमेना. म्हणून जमेल तितका लांब आलो."

शनिवारी संध्याकाळी त्याला दहा मिनिटं फोन करायची परवानगी होती. तिथे तेव्हा रविवारची सकाळ असे. मुलगी अकरा वर्षांची. ती मराठी विसरली होती. शाळा कशी आहे विचारलं की "बरी" म्हणायची आणि गप्प व्हायची. बोलायची ती फक्त टीमबद्दल, कारण आजोबा तिला प्रत्येक मॅचला घेऊन जायचे. म्हणून तो प्रत्येक मॅचचा अभ्यास करायचा. कोण जखमी आहे, कोणाला बेंचवर बसवलंय, सगळं पाठ. दहा मिनिटांतलं एक मिनिटही गप्प जायला नको, एवढ्यासाठी.

२००७च्या सीझनला तो वेगळाच दिसू लागला. मार्चमध्ये टीमनं सुरुवातीचे सामने जिंकले आणि मुलीनं आईकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. टीम वरच्या डिव्हिजनमध्ये गेली, तर तिथल्या पहिल्या मॅचला बाबांनी यायचं, आणि तिच्या शेजारी बसायचं.

"आई हो म्हणाली?" वृंदानं, माझ्या बायकोनं विचारलं.

"हसली म्हणे. ही टीम जन्मात वर गेलेली नाही वहिनी. तिला काय जातंय हो म्हणायला?"

उन्हाळ्यात टीम कोसळली. गोल करणाऱ्या मुख्य खेळाडूचा गुडघा गेला. पोह्यांची बशी तशीच राहू लागली. ऑफिसात तो मीटिंगमध्ये बसल्या बसल्या हरवायचा. एका रविवारी मला म्हणाला, "देवळात येतोस?" देव वगैरे तो मानत नसे. तिथे त्यानं अभिषेकाची पावती फाडली आणि गुरुजींना त्या खेळाडूचं नाव सांगितलं. गुरुजींनी दोनदा विचारून घेतलं.

"गोत्र?"

"काश्यप म्हणा," तो गंभीरपणे म्हणाला.

मला हसू आलं होतं. पण तो डोळे मिटून हात जोडून उभा होता. मी दुसरीकडे बघू लागलो.

तो खेळाडू सप्टेंबरात परत आला. टीम एकेक पायरी चढत शेवटी तिसरी आली. पहिल्या दोघी सरळ वर गेल्या. तिसरीला वरच्या डिव्हिजनमधल्या एका तळाच्या टीमशी दोन सामने खेळायचे होते, पहिला आपल्या मैदानावर, दुसरा त्यांच्या. दोन्ही मिळून जिचे गोल जास्त, ती वर. पहिला सामना आपण एक-शून्य जिंकलो. आपण म्हणतोय मी, कारण तोवर आमच्या घरातही आपणच म्हणू लागले होते. दुसऱ्यात नुसती बरोबरी झाली तरी पुरे होती. त्या आठवड्यात त्यानं नवा कोट घेतला. "तिकडे मार्चमध्ये वारा असतो," म्हणाला.

दुसऱ्या सामन्याच्या दिवशी तो नेहमीसारखा कॉम्प्युटरसमोर बसला नाही. निकाल न बघताच सकाळी बर्फातून चालत आमच्याकडे आला. बूटही काढले नाहीत.

"तू बघ," मला म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही."

मी साइट उघडली. मला जपानी येत नाही, पण आकडे कळत होते.

"एका बाजूला दोन आहेत. एका बाजूला शून्य."

"शून्य कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"ज्यांचं मैदान, ती टीम डावीकडे लिहितात," तो म्हणाला. "उजवे आपण."

दोन्ही सामने मिळून एका गोलानं गेलं. वृंदानं त्याला हाताला धरून बसवलं. सईनं त्या दिवशी काहीच विचारलं नाही.

संध्याकाळी त्यानं फोन आमच्याच घरून केला. घरी जाऊन एकट्यानं करवणार नाही म्हणाला. शब्द आम्हाला कळत नव्हते, पण रडणाऱ्या लहान मुलाची समजूत काढताना आवाज कसा होतो ते कुठल्याही भाषेत कळतं. दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली. मग त्याचा स्वर बदलला, ताठ झाला. आईनं फोन घेतला असावा. तो फक्त "हाय, हाय" म्हणत राहिला, म्हणजे हो, हो.

फोन ठेवून तो म्हणाला, "मॅचसाठी रडली. मी येणार होतो, त्याबद्दल एक शब्द नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "पण माझ्याजवळ रडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

"आणि आई काय म्हणाली?"

"एप्रिलपासून वरची शाळा. रविवारी सकाळीसुद्धा क्लास. फोन वाढदिवसाला करा म्हणाली. नीट बोलली हो, वाईट काही नाही बोलली."

नंतरचे काही महिने तो ऑफिसात आला, काम केलं, घरी गेला. टेबलावर पुड्या मांडणं बंद झालं. डेट्रॉइटच्या गाड्यांचा धंदा तेव्हा बसत चालला होता, जो तो आपली नोकरी सांभाळून होता. अशा दिवसांत यानं राजीनामा दिला. त्या गावाजवळच्या एका लहान कारखान्यात, निम्म्या पगाराचं, खालच्या हुद्द्याचं काम मिळवलं होतं.

वृंदा चिडली. "ग्रीन कार्ड तोंडावर आलंय आणि सोडून जाताय? ती भेटू तरी देणार आहे का?"

"घरी नाही देणार," तो म्हणाला. "पण मैदानावर कोणीही तिकीट काढून जाऊ शकतं वहिनी. तिथे कुणाला विचारावं लागत नाही."

जूनमध्ये मी त्याला विमानतळावर सोडलं. एकच बॅग होती. नवा कोट त्यानं हातावर घेतला होता, एवढ्या उकाड्यात.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी मी चहा टाकत होतो आणि फोन वाजला. मागे ढोल वाजत होते, हजारभर माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती. त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"भावा, माझ्यापुढे तीन रांगा सोडून बसलीय. आजोबांबरोबर. उंच झालीय."

"हाक मार की."

"तिनं बघितलंय मला. मघाशी वळून बघितलं, मग परत पुढे बघायला लागली."

ढोल चालू होते.

"शेजारच्या सीटवर तिची बॅग होती," तो म्हणाला. "ती तिनं उचलून मांडीवर घेतलीय. सीट मोकळी आहे."

"मग जा."

"पाय उचलत नाहीत रे."

"फोन ठेव," मी म्हणालो. "आणि ऊठ."

त्यानं फोन ठेवला.