गेलीनच्या आईची साक्ष

मॅलेट क्रीकच्या रस्त्यात अर्धेच केस कापलेला माणूस दिसला तर कोणी दचकत नाही. हा गेलीनच्या दुकानातून आलाय आणि थोड्या वेळाने परत जाईल, एवढं सगळ्यांना कळतं.

लेस टॉन्किनचीच गोष्ट घ्या. त्याची डावी बाजू झाली आणि गेलीन धुतलेला टॉवेल आणायला मागच्या अंगणात गेली. टॉवेल दोरीवर होता. दोरीशेजारी लिंबाचं झाड, झाडावर मुंग्यांची रांग. मुंग्यांवर पावडर टाकायची, पावडर समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात, आणि त्या दुकानात एक नवी शिडी आली होती जी तीन तऱ्हांनी उघडते. लेसची इकडे मस्त झोप झाली. जागा झाल्यावर त्याने गळ्याभोवतीचं कापड सोडून खुंटीला लावलं आणि पबमध्ये जाऊन बसला. तिथल्या मंडळींनी त्याला कापलेली बाजू बाहेर येईल असा भिंतीशी बसवला, इतकंच.

तरी तिचं गिऱ्हाईक तुटत नाही, कारण बाईच्या हातात कला आहे. लांबलांबच्या शेतांवरच्या नवऱ्या मुली लग्नाच्या सकाळी गेलीनकडेच येतात. तीन ड्रायर घोंघावताहेत, चार बायका एकदम बोलताहेत, रेडिओवर फुटबॉलचा आरडाओरडा चालू आहे, अशा गदारोळात तिचं डोकं लख्ख चालतं. घरी सामसूम झाली की तेच डोकं चौखूर उधळतं. एकच कपड्यांचा घाणा ती तीनदा धुते, कारण दोनदा तो वाळत घालायचा राहिलेला असतो. टीव्हीचा रिमोट फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीखाली सापडतो. विणायला घेतलेले पाच मफलर आहेत आणि त्यातला एकही गळ्याभोवती पुरत नाही. तिचा नवरा नेव्हिल गव्हाच्या कोठारांवर काम करतो. दिवसाकाठी तो मोजकंच बोलतो आणि त्यातलं निम्मं ‘चालायचंच’ असतं.

तिच्या आईला, म्हणजे मर्टलबाईंना, मात्र काहीच चालत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची ही म्हातारी गावातल्या वृद्धाश्रमात राहते आणि तिचा आवाज अजून ओव्हलच्या, म्हणजे गावच्या खेळाच्या मैदानाच्या, पार जातो. ‘डोकं मानेवर आहे म्हणून बरं, नाहीतर तेही कुठेतरी विसरून आली असतीस!’ हे वाक्य गेलीनने जन्मभरात इतक्यांदा ऐकलंय की आई श्वास घ्यायला थांबली तर पुढचं ती स्वतःच म्हणते. आळशी, वेंधळी, धांदरट ही तिची बारशानंतरची नावं. ती हसण्यावारी न्यायची. पण मनातून तिला ते सगळं खरं वाटायचं. जगातली सगळी माणसं नेटाने वागतात आणि आपणच तेवढ्या आळशी, असं तिचं स्वतःबद्दल ठाम मत होतं आणि ते आतल्या आत फार दुखायचं.

मग तिच्या नातीचं, आठ वर्षांच्या टेगनचं निघालं. शाळेने सांगितलं, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. लेक किरिली गाडी चालवायला आणि गेलीन टेगनला धरून ठेवायला, अशा तिघी गेल्या. डॉक्टर किरिलीला विचारू लागले, हिची कामं अर्धवट राहतात का?

‘राहतात म्हणजे काय!’ गेलीन म्हणाली. ‘परवाच भिंत रंगवायला घेतली, तर...’

‘बोलणाऱ्याला मध्येच तो...’

‘तोडते? छे, तसं काही...’ गेलीन म्हणाली.

‘आई, त्यांचं वाक्य पुरं होऊ दे,’ किरिली म्हणाली.

‘आजी,’ डॉक्टर म्हणाले, ‘भिंत टेगनने रंगवायला घेतली?’

‘नाही डॉक्टर,’ किरिलीने कपाळाला हात लावला. ‘ती मघापासून स्वतःबद्दल बोलतेय.’

डॉक्टर हसले नाहीत. टेगनला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, आहे हे त्यांनी पुढे सगळं तपासून नक्की केलं. पण त्या दिवशी निघताना गेलीनला बाजूला घेऊन म्हणाले, ‘हे घराण्यात चालत येतं. टेबलावर चढणारी पोरं लगेच लक्षात येतात. खुर्चीत बसल्या बसल्या खिडकीतून निघून जाणाऱ्या मुली कोणाच्या लक्षात येत नाहीत. तुम्ही स्वतःला दाखवून घ्या.’

‘आता? पन्नाशी उलटल्यावर?’ गेलीन हसली. कोठारं दिसू लागेपर्यंत ती गाडीत हसतच होती आणि मग एकदम रडायलाच लागली. या सगळ्याला नाव असेल तर ती आळशी नव्हती. हे आजवर तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मोठ्यांना तपासणारे डॉक्टर अ‍ॅडलेडला, आणि नंबर लागायला वर्ष उलटतं. गेलीनचा नंबर लागला आणि ती तो विसरली. मंगळवार तिच्या लक्षात होता, फक्त नंबर आधीच्या आठवड्यातल्या मंगळवारचा होता. फोनवरची मुलगी म्हणाली, ‘वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडे हे फार होतं.’ पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहून अखेर डॉक्टर लाम बाईंची व्हिडिओवर गाठ पडली. त्यांनी गेलीनला तासभर बोलू दिलं आणि घरच्या माणसासाठी प्रश्न पाठवले. नेव्हिलने रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून मान खाली घालून ते भरले. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच उत्तर: कधीच नाही.

‘अरे नेव्हिल, मी वस्तू हरवत नाही?’

‘सापडतात ना.’

‘फ्रीजरमध्ये!’

‘सापडतात ना पण.’

‘नेव्हिल!’

‘हे बघ,’ नेव्हिल म्हणाला आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, ‘कोण कुठली बाई, आणि तिच्याकडे मी माझ्या बायकोची चहाडी करू?’

इथेच सगळं अडलं. मॅलेट क्रीकमध्ये माणसाला बरंच काही माफ होतं. पिऊन कुंपणात गाडी घातली तर लोक कुंपण उभं करायला येतात. पण चहाडी माफ नाही. इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी तेवढं येतं. शाळेची काच कोणी फोडली, हे आजवर एकदाही कोणी पाहिलेलं नाही.

डॉक्टर लाम म्हणाल्या, नवऱ्याचं जाऊ द्या, त्यांनी तुम्हाला लहानपणी पाहिलेलंच नाही. हा त्रास बालपणापासून होता असं दिसल्याशिवाय मी नाव देऊ शकत नाही. तुम्हाला लहानपणी पाहिलेलं कोणी आहे का? शाळा बंद पडून तिथे आता ट्रॅक्टरचे सुटे भाग ठेवतात. बाप गेला. भावंडं नाहीत. उरली आई. गेलीन निर्धास्त झाली. आईला बोलतं करायची चिंताच नव्हती, थांबवायची कशी हाच प्रश्न. पन्नास वर्षांची तालीम झालेली साक्षीदार होती ती.

ठरलेल्या दिवशी आश्रमातल्या आपल्या खोलीत मर्टलबाई लिपस्टिक लावून, मोत्यांची माळ घालून, चर्चचा ब्रोच लावून टॅब्लेटपुढे बसल्या होत्या. एका बाजूला गेलीन, दुसऱ्या बाजूला चहा आणि लॅमिंग्टन केकची बशी. डॉक्टरांना ते देता येणार नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

‘मर्टलबाई, लहानपणी गेलीनचं अभ्यासात लक्ष लागायचं का?’

‘उत्तम.’

‘वस्तू हरवायची?’

‘छे हो.’

‘कामं अर्धवट टाकायची?’

‘माझी गेलीन?’ मर्टलबाई गोड हसल्या. ‘फार शहाणी होती हो माझी पोर. काही म्हणजे काही तक्रार नाही.’

गेलीनच्या तोंडाचा आ झाला. हे वाक्य ऐकायला ती पन्नास वर्षं थांबली होती आणि ते नेमकं आजच यायचं होतं! तिने टेबलाखालून आईला पाय मारला.

‘पाय मारू नकोस,’ मर्टलबाई म्हणाल्या.

‘आई, खरं सांग ना! मला रोज जे बोलतेस ते सांग!’

‘ते मी तुला बोलते. जगाला नाही.’

डॉक्टर लामनी पेन खाली ठेवलं. ‘मग अवघड आहे, गेलीन. लहानपणी काहीच नव्हतं, तर...’ गेलीनने मनातल्या मनात निकाल लावला. म्हणजे आळशीच. पुन्हा वर्षभर रांग, आणि त्या रांगेच्या टोकालाही हीच आई, हाच ब्रोच.

पण डॉक्टर लामही अशाच कुठल्याशा धुळकट गावात, बापाच्या चिनी खाणावळीच्या गल्ल्यामागे वाढलेल्या होत्या. त्यांनी पेन परत उचललं. ‘मर्टलबाई, तक्रार नकोच. तुम्ही तिची बाजू घ्या. लोक तिला नावं ठेवायचे असतील ना? ते कसे चुकत होते तेवढं सांगा.’

मर्टलबाईंनी चहाचा कप दाणकन बशीत ठेवला.

‘ती मास्तरीण ग्रिम्शॉ! म्हणे तुमची मुलगी लक्ष देत नाही. लक्ष देत नाही? खिडकीबाहेरच्या घरट्यात मॅगपायची किती पिल्लं आहेत, कुठलं लंगडं आहे, सगळं सांगायची ही. फळ्यावर काय होतं तेवढंच सांगता यायचं नाही.’

‘आणि गणित?’

‘झकास यायचं! मी फक्त मागे उभं राहून तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. हात आहे तोवर गणित बरोबर. हात काढला की पोरगी उडाली.’

‘रोज हात ठेवायचात?’

‘रोज. त्यात काय? उजव्या हाताने रस्सा ढवळायचा, डावा हिच्या डोक्यावर. बरेचदा रस्सा लागायचा.’

गेलीनचा हात आपोआप स्वतःच्या टाळूकडे गेला.

‘आणि वस्तू हरवायची म्हणतात, तेही खोटं. संध्याकाळी मी दुकान, चर्च, ओव्हल अशी एक फेरी मारायची. टोपी, दप्तर, स्वेटर, सगळं मिळायचं. मोजे मी एकाच रंगाचे घ्यायची, म्हणजे जोडीची भानगडच नाही. एकदा एका पायात बूट घालून शाळेत गेली, पण तेही उगीच नाही. रस्त्यात साळिंदरासारखा काटेरी एकिडना आडवा आला होता, तो ट्रकवाल्यांना दिसावा म्हणून तिने दुसरा बूट खुणेला ठेवला. आता यात वेंधळेपणा कसला?’

‘शाळेत वेळेवर जायची?’

‘नेहमी. घरातलं घड्याळ मी वीस मिनिटं पुढे लावलं होतं ना! हिच्या बापाला मरेपर्यंत कळलं नाही. जन्मभर बिचारा गाडीच्या आधी स्टेशनात जाऊन बसायचा.’

‘आपलं घड्याळ पुढे होतं?’ गेलीन ओरडली.

‘होतं काय, आहे. तुझ्या दुकानातलं तेच. सगळ्या गावाला माहीत आहे.’

डॉक्टर लाम भराभर लिहीत होत्या. ‘आणि मर्टलबाई, तुम्ही तिला ओरडायचात?’

‘ओरडायला लागायचं. हळू बोललेलं तिच्यापर्यंत पोहोचायचंच नाही. जोरात बोललं की वळून बघायची. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून घ्यायचं. नाहीतर मला काय घसा फोडायची हौस होती?’

‘इतकी पक्की साक्ष मला अजून कोणीच दिलेली नाही,’ डॉक्टर लाम म्हणाल्या.

मर्टलबाईंचा चेहरा उतरला. ‘का? मी काय बोलले? तिच्याविरुद्ध काही बोलले का?’

‘अक्षरही नाही. पण बाकीचं मी गेलीनशी बोललेच आहे, आणि आता चित्र पुरं झालं. हा एडीएचडीच. तिच्या मेंदूची ठेवणच तशी आहे, आणि एकटीने निभावलं नसतं ते तुम्ही रोज निभावून नेत होतात. तो आळस नव्हता.’

‘आळस नव्हता,’ मर्टलबाई स्वतःशी म्हणाल्या. त्यांनी ब्रोच सरळ केला, मग परत वाकडा केला. ‘पण मी तर तिला... आणि काय हो, असं तर सगळ्यांचंच असतं! मीसुद्धा तश्शीच आहे!’ त्यांच्या खुर्चीभोवती अर्धी सोडवलेली चार शब्दकोडी पडली होती आणि सकाळपासूनचे तीन कप चहा गार होत होते.

‘हो,’ डॉक्टर लाम म्हणाल्या, ‘ते मलाही मघापासून दिसतंय.’

त्या दिवशी गेलीन दारापर्यंत गेली आणि किल्ल्यांसाठी पर्स उपसू लागली. मागून हात आला. किल्ल्या आईच्या स्वेटरच्या खिशात होत्या; ती आल्या आल्या जिथे टाकायची तिथून म्हातारी दर वेळी उचलून ठेवायची. एरवी सोबत मानेवरच्या डोक्याचं वाक्य यायचं. आज फक्त किल्ल्या आल्या. गेलीनला ते इतकं लागलं की वाक्य आलं असतं तर बरं, असं तिला झालं.

रक्तदाब मोजून झाला, हृदयाची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. आता आली खरी अडचण. विसरू नये म्हणून दिलेली गोळी घ्यायची आठवण कोणी ठेवायची? मोबाइलचा गजर गेलीन बंद करायची आणि तेवढ्यात तारेवर गाला पोपट बसायचे. नेव्हिलने गोळ्यांची डबी फ्रीजरमध्ये मटारांखाली ठेवून पाहिली. तिथे ती नक्की बघते, असा त्याचा हिशेब होता.

शेवटी मर्टलबाई म्हणाल्या, ‘मी फोन करीन.’

रोज सकाळी सातला फोन वाजतो. ‘गेलीन! गोळी!’ आणि खट्. आश्रमाचा सबंध व्हरांडा हादरतो. नर्स म्हणते, या हाकेसरशी आणखी चार म्हाताऱ्या आपापल्या गोळ्या घेतात. गेलीन काही एका रात्रीत बदलली नाही. पाचही मफलर अजून अर्धेच आहेत. पण परवा लेस टॉन्किनचे केस दोन्ही बाजूंनी एका बैठकीत झाले. झोप झाली नाही म्हणून तो मात्र कुरकुरत गेला.

आणि एके सकाळी फोन वाजला तेव्हा पलीकडून ओरडणं आलंच नाही. फार हळू, जवळजवळ श्वासासारखा आवाज आला.

‘गेलीन.’

‘काय गं, आई?’

‘ऐकू आलं तुला?’

‘आलं की.’

‘मी हळू बोलले होते.’

‘हो. आलं ऐकू.’

मग मर्टलबाई तशाच हळू म्हणाल्या, ‘शहाणी गं माझी पोर,’ आणि फोन ठेवला. या वेळी ऐकायला कोणी डॉक्टर नव्हते.

गेलीन पाण्याचा पेला हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिली आणि डोळे पुसत राहिली. त्या नादात गोळी घ्यायची तेवढी राहिली. पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

‘घेतलीस का?’ मर्टलबाई ओरडल्या.