चौथी ये, शमिका

वैजयंती बोकारेंनी बांधलेली पुडी कधी सुटत नाही. जवाहर चौकातल्या एका दवाखान्यात त्या एकोणतीस वर्षं कंपाउंडर आहेत. डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठीवर दोन शब्द खरडले रे खरडले, की बाईंचा हात बरण्यांवरून पेटीवाल्याच्या बोटांसारखा पळायला लागतो. ही गोळी, ती गोळी, चौकोनी कागद, तीन घड्या, टोक आत, चला, पुढचा! कुणी विचारलंच, "दीदी, इसमें क्या है?" तर उत्तर ठरलेलं, "आराम है. खा लो." आणि लोक मुकाट्याने खातात.

शनिवारी संध्याकाळी शमिकानेही खाल्ली.

शमिका त्यांच्या बहिणीची मुलगी. बारावी झाल्यावर नागपूरहून मावशीकडे, बरखेड्यातल्या कारखान्याच्या वसाहतीत आली, ती इथल्या रुंद, मोकळ्या रस्त्यांसाठी. आता तेविसाव्या वर्षी तिला सायकल चालवण्याचा पगार मिळतो, ही गोष्ट क्वार्टर्समधल्या बायकांना अजून खरी वाटत नाही. रविवारी शर्यत होती ती याच रस्त्यांवर, अठरा फेऱ्यांची. बेल्जियमचा एक संघ कॅमेऱ्यावरून बघणार होता. पहिल्या पाचात आली, तर दोन वर्षांचा करार. आणि आदल्या संध्याकाळी पोरगी खोकून खोकून लाल! वैजयंतीबाईंनी घरच्या डब्यातून तीन गोळ्या काढल्या, पुडी बांधली, टोक आत.

सकाळी सुरुवातीच्या रेषेजवळ ढोल वाजत होते. शमिका उड्या मारतच आली. "मावशी, खोकला गायब! तुझी पुडी म्हणजे जादू आहे, कसम से!"

"मग! कुणाची मावशी आहे?"

बाजूला मानसी बूट आवळत होती. मानसी शमिकाच्याच संघातली. शर्यतभर शमिकाच्या पुढे राहून तिच्यासाठी वारा अडवायचा, हे तिचं काम. तिने मान वर केली. "काय होतं पुडीत?"

"मला काय माहीत? पुडी होती."

"काकू, काय होतं?"

"काही नाही गं, नेहमीचंच. एक तापाची, एक सर्दीची, आणि ती बारीक पांढरी..." वैजयंतीबाईंची जीभ तिथेच अडली. "प्रेडनिसोलोन."

मानसीने फोन काढला. तिचा अंगठा भराभर पडद्यावर फिरला.

"स्टिरॉइड आहे, शमिका. पोटात घेतलं तर शर्यतीत बंदी. तीन दिवस तरी अंगात राहतं."

संघाचा मॅनेजर पराग, नेहरू नगरचा, बाटल्या घेऊन आला, त्याने सगळं ऐकलं आणि एकदम खाली बसला. मग तितक्याच झटक्यात उठला. "हळू बोला रे बाप्पा! कोणालाच माहीत नाही ना? ऐक. लघवीची चाचणी पहिल्या तिघींची, आणि चिठ्ठी टाकून आणखी एकीची. बेल्जियमला पाचात पाहिजे. तू चौथी ये!"

"काय?"

"चौथी ये, शमिका. नाहीतर पाचवी. चिठ्ठी काय तुझीच निघून राहिली का?"

वैजयंतीबाईंना तो हिशेब एकदम पटला. चूक त्यांची, भोगायचं पोरीने, आणि ही सुटकेची वाट समोर उघडी. त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, "ये ना गं चौथी. माझ्यासाठी."

शमिकाने मावशीकडे पाहिलं. मग हेल्मेटचा पट्टा सोडला.

"चौथी कशी येतात, मावशी? रेषा दिसली की मला ब्रेक सापडत नाहीत. आणि माझ्यामुळे जी सहावी होईल, तिला काय सांगू? पुडी होती?"

"एका गोळीने तू काय विमान होतेस का?" पराग ओरडला. "खोकलाच तर थांबला!"

"तोच थांबला, पराग दादा. काल मला श्वास येत नव्हता. आज येतोय."

घड्याळात बारा मिनिटं उरली होती. शमिका अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे निघाली, पराग मागून, "आजारी आहे म्हण! नुसतं आजारी!" आणि त्या दोघांना मागे टाकून, पदर खोचून, वैजयंतीबाई टेबलापाशी सगळ्यांत आधी पोचल्या.

"लिहून घ्या. मुलगी शर्यतीत उतरणार नाही. औषध घेतलंय. नाव लिहा, प्रेडनिसोलोन. दिलं मी. विचारलं नाही, सांगितलंही नाही."

टेबलावरच्या बाई गोंधळल्या. "आप कोच हैं?"

"मौसी हूँ."

आपली पुडी चुकली, हे एकोणतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा म्हटलं होतं, तेही लाउडस्पीकरच्या शेजारी उभं राहून. शमिकाने सही केली. पेन ठेवून ती वळली. "मानसी, आज वारा अडवायचा नाही. आज तू पळ!"

"मी? अगं, मला जिंकायची सवयच नाही!"

"लागेल. जा!"

आणि शिट्टी वाजली!

मग काय सांगावं! चाळीस सायकली सूंऽऽ करून गेल्या, की वाऱ्याने बायकांच्या ओढण्या उडत. शमिका वळणावरच्या कठड्यावर चढून बसली. प्रत्येक फेरीला ओरडायची, "आत नको, बाहेरून घे! थांब, अजून थांब!" वैजयंतीबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, त्या नुसत्या "मानसीऽऽ" म्हणून किंचाळत होत्या. सतराव्या फेरीपर्यंत त्यांचा घसा बसला. अठराव्या फेरीत सहा जणी पुढे सुटल्या, त्यात मानसी शेवटची. शमिका कठड्यावर उभीच राहिली. "आत्ताऽऽ!" मानसी बाहेरून सुटली. पाचवी. तिसरी. दुसरी. रेषेवर अर्ध्या चाकाने पहिली!

पराग रडत होता. मावशी-भाची एकमेकींच्या गळ्यात नाचत होत्या. मानसीला धड ओरडूही मिळालं नाही, चाचणीवाल्या बाई येऊन तिच्या मागेच उभ्या राहिल्या. "अगं, ही बाथरूममध्येपण येणार म्हणते!"

"येणारच!" शमिका हसली. "पाणी पी आणि जा!"

तेवढ्यात शमिकाचा फोन वाजला. बेल्जियमचा निरोप होता. तिने तो वाचला, पुन्हा वाचला.

"काय म्हणतात?" वैजयंतीबाई फोनवर वाकल्या.

"मी का नाही उतरले, ते कळलंय त्यांना. म्हणतात, बरं केलंस." शमिकाने नाक पुसलं. "आणि मानसीचा नंबर मागतायत."

"आणि तुझं?"

"या वर्षी एकच जागा आहे, मावशी."

वैजयंतीबाई काही बोलणार, तोवर शमिकाने नंबर पाठवूनही टाकला. मग हेल्मेट चढवलं.

"कुठे निघालीस?"

"रस्ता अजून बंद आहे. असा रिकामा बरखेडा परत कधी मिळणार? एक फेरी. घड्याळ लाव."

"लावते. पण ही वेळ धरायची नाही हं. गोळी आहे अंगात."

"नाही धरायची! पण मोज तर खरं!"

वैजयंतीबाईंनी बसलेल्या घशाने "जाऽऽ" म्हटलं आणि फोनवर बोट दाबलं. शमिका पेडलवर उभी राहिली, सायकल डावी-उजवी झुलली, सुटली. हवालदाराने काठी वर केली. "अरे मैडम, रेस तो खतम!" तिने ऐकलंही नाही. पहिल्या वळणाला ती इतकी झुकली की गुडघा रस्त्याला लागतोय की काय वाटलं, आणि दिसेनाशी झाली. वैजयंतीबाई फोन छातीशी धरून कठड्याच्या कडेने पळत सुटल्या. शमिका फेरी संपवून ज्या बाजूने येणार होती, तिकडे.