आधी ते वाक्य

कायद्याच्या पहिल्या वर्षात मी दोनदा नापास झालो. तरी गल्लीत मला वकीलसाहेब म्हणत, आणि ती थट्टा आहे हे कळायला मला फार वर्षं लागली. आष्टीत माझं घरघंटीचं दुकान होतं. घरच्या घरी दळण दळायची मशीन. टेलिफोन डिरेक्टरीतून नंबर काढून मी फोनवर गिऱ्हाईक शोधायचो. माझा आवाज ऐकला की लोक फोन ठेवायचे.

त्या वर्षी माझा मोठा चुलतभाऊ महिनाभराच्या पॅरोलवर जेलातून आला. शेताच्या बांधावरून, धुऱ्याच्या भांडणात त्याच्या हातून माणूस गेला होता. आवाज मात्र लोण्यासारखा. मी त्याला फोनवर बसवला. पण परदेशात कुठेतरी कैद्यानं फोनवर माल विकताना आधी आपण कैदी आहोत हे सांगावं लागतं, असं मी पेपरात वाचलं होतं. आपल्याकडे कोणी विचारलं नव्हतं. मीच नियम काढला. आधी 'मी कैदी आहे, सुट्टीवर आहे', मग घरघंटी.

अर्धे लोक तिथेच फोन ठेवत. बाकीचे विचारत, "जेलात चक्की पिसत होते काय?" दुसऱ्या रिसिव्हरवर ऐकत मी पोट धरून हसायचो.

त्याची मुलगी तळेगावला दिलेली. लग्न तो आत असतानाच झालं. बाप सुरतेत कामाला आहे, असं आम्ही तिच्या सासरी सांगितलं होतं. त्यानं तिकडे फिरकायचं नाही, हेही आम्हीच ठरवलेलं.

परत जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "वकीलसाहेब, एक नंबर लावू दे. नाव सांगत नाई, घरघंटीचंच बोलतो. पोरीचा आवाज आयकतो न ठेवतो."

"लाव. पन आधी ते वाक्य."

"आज राहू दे ना, बाबू."

"नियम म्हनजे नियम."

खरं सांगतो, तेव्हा मला माझाच आवाज फार आवडला.

फोन सासूनं उचलला. त्यानं वाक्य म्हटलं. सासू खो खो हसली. "अवं सूनबाई, ये लवकर! जेलातला मानूस चक्की इकून राह्यला!"

मुलगी आली. "कोन?"

"बाई, घरघंटी..."

पलीकडे नुसता श्वास. मागून सासू, "काय म्हन्ते वं तो?"

"आमाले नाई पाह्यजे," मुलगी ओरडली. "खुनी मानसानं आमच्या घरी फोन नाई कराचा!"

सासूचं हसणं थांबलं. "खुनी हाये, हे तुले कसं मालूम वं?"

फोन कटला.

भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. "मी त फक्त कैदी म्हनलं होतं ना?"

"हो."

थोड्या वेळानं फोन वाजला. तळेगावच्या त्या फोनवर आमचा नंबर दिसत होता की नाही, मला आजही माहीत नाही. भावानं रिसिव्हरवर हात ठेवला, पण उचलला नाही.

"वकीलसाहेब, आता आधी कोनतं वाक्य बोलू?"

घंटी थांबेपर्यंत मी डिरेक्टरी चाळत होतो.