सावल्या आधी, गवत शेवटी

या गोष्टीची तुमची बाजू तुम्हा दोघांना माहीत आहे. आजी तुमच्याबरोबर खेळायची, तिचा ट्रक झटके खायचा, एक रविवार ती आलीच नाही आणि मग सगळं नीट चालू लागलं. चंद्रपूरच्या या खोलीत तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला दिसत नव्हतं. तेवढं लिहून ठेवते.

तुमचे आबा थंडी सरता सरता गेले. तुम्ही आलात, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि तुम्ही आईबाबांबरोबर ऑस्ट्रेलियाला परत गेलात. नंतर मी घर आवरलं. त्यांचे कपडे धुतले, इस्त्री केली, गरजूंना देण्यासाठी विहारात नेऊन दिले. न उघडलेली औषधं दुकानात परत केली. बँकेची कामं केली. सगळे म्हणत होते, बाई खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नव्हतं. जेवण जसं होतं, भांडी जशी होतात, तशी ती कामं होत होती. रडू येत नव्हतं आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

कॉम्प्युटर मात्र मी हलवला नाही. तुमच्या बाबांनी एका भेटीत तो आबांना जुळवून दिला होता, चांगलं ग्राफिक्स कार्ड घालून, तुमच्याबरोबर खेळता यावं म्हणून. खेळ तिघांचा. चिखलातून, जंगलातून ट्रक न्यायचे आणि नदीपलीकडच्या वस्त्यांवर सामान पोचवायचं. आबांची सगळी नोकरी वनखात्यात गेली. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद पडला की खरंखुरं धान्य आणि औषधं पलीकडे कशी न्यायची, या विवंचनेत त्यांनी कितीतरी दिवस काढले होते. निवृत्तीनंतर तेच काम खुर्चीत बसून करायला मिळालं म्हणून ते खूश होते. दर रविवारी आमची ऐन दुपार आणि तुमची संध्याकाळ जुळायची. मी शेजारी भाजी निवडत बसायची.

भांडण नेहमी एकच असायचं.

"आबा, तुमचं ग्राफिक्स अल्ट्रावर आहे. मीडियम करा ना, फ्रेम रेट वाढेल," नात म्हणायची.

"काऊन? मले तर सगळं दिसून राह्यलं."

"पण तुमचा ट्रक झटके खातोय!"

"ट्रक झटकेच खाते, बेटा. भामरागडले चाल एखाद खेप, मंग समजन."

फ्रेम रेट म्हणजे काय ते मला तेव्हा ऐकून ऐकून कळलं. पडद्यावर चालतं ते चित्र नसून चित्रांची माळ असते. सेकंदाला साठ चित्रं आली तर डोळ्याला सुरळीत वाटतं, तीस आली तरी चालतं, वीसच्या खाली गेली की गाडी अडखळते. प्रत्येक चित्रात जितकं जास्त मागाल, गवताचं पातं न् पातं, पानाची सावली, पाण्यातलं प्रतिबिंब, तितकी चित्रं कमी निघतात. परीक्षेत अक्षर वळणदार काढत बसलेल्या मुलाचा पेपर अपुरा राहतो, तसंच हे. मी आयुष्यभर असे पेपर तपासले. आबांचा पेपर नेहमी अपुरा राहायचा. तुम्ही दोघं पलीकडे जाऊन थांबायचात आणि ते मागून, प्रत्येक झाड बघत, यायचे.

चैत्रात नातीचा फोन आला. "आजी, आबांच्या जागी तू ये ना. दोघांत पुढची कामं मिळतच नाहीत."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. स्टीअरिंग, गिअर, ओढायची दोरी, सगळं मी बघून बघून शिकले होते. माझा ट्रकही अडखळायचा, कारण सगळं त्यांनी ठेवलं होतं तसंच होतं. मी बोलतही नव्हते. एका वेळी एकच जमायचं. नातू एकदा म्हणाला, "आजी, काहीतरी बोल ना. कोणी चालवतच नाहीये असं वाटतं."

मग तो रविवार. तुमच्याकडे कोणीतरी दार वाजवलं. नात उठून गेली, परत आली. माझा ट्रक चिखलात होता आणि पडदा गोठला होता. आवाज मात्र स्पष्ट येत होता.

"आजीचं पण अडकतंच," नातू तिला सांगत होता. "बोअर झालंय आता. बंद करूया हे."

"श्श! माईक चालू आहे."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. कंटाळलेल्या मुलाला कंटाळा आला म्हणायचा हक्क आहे. पण हे बंद म्हणजे काय ते मला नीट ठाऊक होतं. एरवी फोनवर आपलं काय बोलणं व्हायचं? जेवलीस का, शाळा कशी आहे, तिकडे थंडी पडली का, इकडे उकडतंय. दोन मिनिटांत फोन आईच्या हातात. रविवारचा तो एक तास गेला असता तर तुम्ही मला हळूहळू सणावारी फोन करणारी मुलं झाला असता. कोणाचीही चूक नसताना हे होतं. मी माझ्या आजीच्या बाबतीत हे होताना पाहिलं आहे.

उपाय सोपा होता. सेटिंग कमी करायची. मी तो स्क्रीन उघडलाही. आबांनी प्रत्येक गोष्टीची पट्टी शेवटच्या टोकापर्यंत ओढून ठेवली होती. त्यांचे कपडे देताना काही वाटलं नव्हतं, इथे मात्र माउसवरचा हात पुढे जाईना. त्याला दुःख म्हणता येणार नाही. हात जाईना, एवढंच. मी स्क्रीन बंद केला आणि दुसरा मार्ग शोधला.

माझ्या लक्षात आलं होतं की पडद्याच्या कोपऱ्यातला फ्रेम रेटचा आकडा सकाळी खेळून पाहिलं तर बरा असतो आणि दुपारी पडतो. म्हणजे दोष उन्हाचा. मे महिन्यात या खोलीत भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मशीन तापतं आणि जीव वाचवायला आपला वेग कमी करतं. तर मग ते गार करायचं.

चंद्रपुरात उन्हाळ्यात कशालाही काही झालं की आम्ही त्याच्यासमोर कूलर ठेवतो. तापाचा माणूस, व्यायलेली मांजर, लग्नाचे लाडू, इन्व्हर्टर, सगळ्यांना एकच उपचार. मी कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडली, लहान कूलर स्टुलावर चढवला, पाणी भरलं, खस ओली केली आणि तोंड आत वळवलं.

आकडा चढला. त्या रविवारी नातू म्हणाला, "आजी, आज तू आमच्या बरोबरीने आहेस की!" मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, पण मी त्याची नोंद घेतली.

पुढच्या रविवारी नात काहीतरी सांगत असताना पडदा काळा झाला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही.

ऑटोत तो डबा मांडीवर घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराने आत टॉर्च मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, कूलर लावला होता का ह्याले?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मिशी आली ना पांढरी. पाहा." आतल्या हिरव्या पाटीवर, तारांच्या टोकांवर, पांढरे क्षार धरले होते, आपल्या नळाच्या तोटीवर धरतात तसे. "कूलर हवेसंग पाणीबी फेकते. पाणी उडून जाते, मीठ राहून जाते. तुम्ही एकट्या नाई, मॅडम. उन्हाळाभर हेच येऊन राह्यलं. कोणी कूलर लावते, कोणी ओला टॉवेल गुंडाळते."

"ओला टॉवेल?"

"हो नं. टॉवेलवाला तं माझा साळा आहे. घरात बोलताबी येत नाई."

मला हसू आलं नाही, पण इथे हसायचं असतं हे कळलं, म्हणून हसले.

त्याने मशीन ठेवून घेतलं. ब्रशने, कसल्याशा स्पिरिटने पुसून वाळवलं. परत न्यायला गेले तेव्हा ते सुरू होत होतं. "आता कोरडी हवा द्या. साधा पंखा. आन् सेटिंग कमी करा. एवढ्या उन्हात ह्या कार्डाले अल्ट्रा मागाल तं थो मरन."

"सगळंच कमी करू?"

"नाई नाई. सगळं लो केलं तं खेळाले मजाच नाई. एकेक करून पाहा. सावली पयले. सावली लय खाते."

मधला रविवार गेला होता. नातीने फोनवर सांगितलं की त्या दिवशी भाऊ मित्राकडे गेला. "त्याने काही विचारलं का?" मी म्हटलं. ती म्हणाली, "नाही, आजी." तू खोटं बोलली नाहीस, हे मला आवडलं होतं. तेव्हा सांगायचं राहिलं.

म्हणून त्यानंतरच्या रविवारी मी आधीच सांगितलं की आज खेळायचं नाही, आज दोघांनी मला सेटिंग करून द्यायची. नातू आला तो याच कामासाठी. आजीला काही येत नाही आणि आपल्याला येतं, हे त्याला फार आवडतं.

"आधी शॅडोज. लो कर."

केलं. झाडांच्या खालचा काळोख गेला. झाडं जमिनीला चिकटवल्यासारखी दिसू लागली.

"किती आला?"

"बावीस."

"आता पाण्याचं रिफ्लेक्शन. बंदच कर."

नदी राखाडी झाली. थर्मल पॉवर स्टेशनच्या बाजूच्या नाल्यासारखी. पंचवीस. मग धुकं, मग ढग. प्रत्येक वेळी आबांनी टोकाला नेलेली पट्टी मी मागे ओढत होते आणि आकडा एकेक करून वर येत होता. माझ्या मनात काही चाललं नव्हतं. पेपर तपासून गुणांची बेरीज करावी, तसं.

"आता डिस्टन्स कमी कर," नात म्हणाली. "लांबचे डोंगर दिसणार नाहीत, पण चालतं."

"ते राहू दे," मी म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत नव्हतं.

"मग गवत कमी करावं लागेल, आजी," नातू म्हणाला. "दोन्ही नाही मिळणार. इतक्या उन्हात तरी नाहीच."

गवत म्हणजे सगळा झाडोरा. खालची झुडपं, वेली, पाचोळा. आबा त्याच्यासाठीच मागे राहायचे. माझा हात पुन्हा थांबला. पंख्याचा आवाज येत होता.

तेव्हा मला एटापल्ली आठवलं. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आम्ही तिथे काढला. मी नागपूरला इंग्रजीत एम.ए. करून आलेली, जंगल म्हणजे गच्च हिरवं अशी माझी पक्की समजूत. आणि समोर सागाचे नुसते खांब. पानं गळलेली, खालचं गवत वाळलेलं, काही ठिकाणी वणव्याने काळं झालेलं. एका टेकडीवरून दुसरी टेकडी आरपार दिसत होती. मी म्हटलं, "हे जंगल आहे?" तर हे म्हणाले, "आत्ताच तं जंगल दिसते. पावसाळ्यात नुसता पाला दिसते." आग लागते की काय बघायला ते रोज उठून फिरायचे आणि तो ऋतू त्यांना सगळ्यांत जास्त आवडायचा.

मी पट्टी मागे ओढली. अल्ट्रावरून मीडियम, मीडियमवरून लो. झाडोरा गेला. खोडं उभी राहिली आणि त्यांच्यामधून लांबचा डोंगर दिसू लागला. मला मोकळं वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण दिसत होतं ते ओळखीचं होतं.

"तेहतीस!" मी मोठ्याने वाचलेला आकडा नातीने पुन्हा म्हटला.

"तीसवर लॉक कर," नातू म्हणाला. "साठच्या मागे लागू नकोस. वर-खाली होण्यापेक्षा एकसारखे तीस बरे."

"अल्ट्रावर चालवणाऱ्या माणसाच्या घरात बरं बोलतोस."

"आबा ऐकायचेच नाहीत!" तो म्हणाला आणि हसला. ते गेल्यापासून तो त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच बोलत होता. मग म्हणाला, "ट्राय करून बघायचं का? थोडंच."

थोडंच म्हणून आम्ही निघालो. माझा ट्रक अडखळला नाही. हात सुटे होते, म्हणून तोंडही सुटलं. एटापल्लीच्या आगीबद्दल सांगितलं, दुकानदाराच्या साळ्याच्या टॉवेलबद्दल सांगितलं. नातवाने तो किस्सा मला पुन्हा पुन्हा सांगायला लावला. तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली.

"पाच मिनिटं!" तो ओरडला. "आजी आत्ताच नदीत उतरलीय!"

"तूच म्हणाला होतास ना, बोअर झालंय म्हणून?" नातीने टोमणा मारला.

"गप ग. ते तेव्हा." मग मला म्हणाला, "आजी, बंद करू नकोस. तिकडच्या काठावर थांब. मी जेवून येतो."

मी ट्रक काठावर लावला आणि बसून राहिले. इकडे दुपार होती, मलाही जेवायचं होतं, वरणभात झाकलेला होता. पण उठले नाही. बऱ्याच वेळाने हेडफोनमध्ये खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नातवाच्या तोंडात अजून घास होता.

"चल," तो म्हणाला.